नकाशावरच्या सह्या

रौप्यमहोत्सवी स्मरणिका म्हटली की सोसायटीचा इतिहास आलाच. पहिली कमिटी कुणाची होती, टँकर किती वर्षं येत होता, गणपतीचा मांडव आधी कुठं पडायचा, हे सगळं इतर मंडळींनी या अंकात लिहिलं आहे. मी त्याच्याही थोडा मागे जाणार आहे. आपली इमारत कुणी बांधली, असं विचारलं तर पटकन उत्तर येतं, "बिल्डरनं." ते अर्धंच खरं आहे. सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात एक जुनी फाइल आहे. तिच्यात मोजणीचा नकाशा आहे, आर्किटेक्टनं काढलेला मंजूर नकाशा आहे, आर.सी.सी. कन्सल्टंटचा दाखला आहे, काम सुरू करण्याची महापालिकेची परवानगी आहे आणि शेवटी भोगवटा पत्र. प्रत्येक कागदावर वेगळ्या माणसाची सही.

एवढी माणसं कशाला लागतात? नोकरीत काही वर्षं माझ्याकडे गृहकर्जाचं काम होतं. जोतं झालं, पहिला स्लॅब पडला, असा दाखला आला की आम्ही कर्जाचा पुढचा हप्ता सोडायचो. बँकेत एक साधा नियम असतो. व्हाउचर लिहिणारा एक आणि तपासून पास करणारा दुसरा. एकाच माणसानं दोन्ही करायचं नाही, मग तो कितीही प्रामाणिक असो. निवृत्तीनंतर बांधकामाच्या इतिहासाची पुस्तकं वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की हाच नियम या धंद्यात शिरायला शेकडो वर्षं लागली, आणि काही वेळा त्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली.

चार जणांचं घर

आपल्याकडे कामाची वाटणी जुनीच. 'मयमत' या वास्तुशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात चार कारागीर सांगितले आहेत. स्थपती हा मुख्य, सगळी योजना त्याच्या डोक्यात. सूत्रग्राही म्हणजे दोरी धरून मापं घेणारा. तक्षक लाकूड-दगड तासणारा आणि वर्धकी ते भाग जोडून उभं करणारा. नीट पाहिलं तर आजचा आर्किटेक्ट, सर्व्हेअर, सुतार-पाथरवट आणि गवंडी यात सापडतात. पण चौघेही एकाच गोटातले. सूत्रग्राही बऱ्याचदा स्थपतीचाच मुलगा किंवा शिष्य. तपासणारा बाहेरचा असा कुणी नाही.

महाराष्ट्रातही तेच. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. गडाचं बांधकाम करणाऱ्याचं नाव दगडावर टिकून राहावं ही दुर्मीळ गोष्ट. पुण्यात शनिवारवाडा १७३० मध्ये सुरू होऊन १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. गवंडी, सुतार, पाथरवट, बेलदार यांची विद्या बापाकडून मुलाकडे जायची. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. काम उभं राहिलं, हाच दाखला.

सर्व्हे नंबर कुठून आला?

आपल्या प्रत्येकाच्या करारनाम्यात 'सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर' असं लिहिलेलं असतं. सही करताना ते कुणी वाचत नाही. पण या नंबराचा उगम आपल्याच जिल्ह्यातला आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्यानं मोजणी सुरू केली. त्या आधीच्या मोजणीवर बसवलेला सारा शेतकऱ्याला झेपत नव्हता आणि शेतं ओस पडत होती. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताला नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाले आणि मापाला ३३ फुटांची साखळी आली. तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. आजही आपण गुंठ्याचा हिशेब करतो तो या साखळीचाच. पुढं ही पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात गेली.

मोजणी करणारा जमिनीचा मालक नव्हे आणि खरेदीदारही नव्हे. म्हणूनच त्याच्या नकाशाला किंमत.

इंजिनिअर आणि पुण्याची शाळा

'सिव्हिल इंजिनिअर' हा शब्द मुळात 'लष्करी नसलेला इंजिनिअर' या अर्थानं आला. तोफा, तटबंदी, सुरुंग हे लष्करी इंजिनिअरांचं काम. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जॉन स्मीटन यानं स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्यानं समुद्रातल्या एडिस्टोन खडकावर दीपगृह बांधलं आणि पाण्याखाली घट्ट होणारा चुना शोधायला बरेच प्रयोग केले. १८१८ मध्ये लंडनला सिव्हिल इंजिनिअरांची संस्था निघाली.

आपल्याकडे १८४७ मध्ये रुरकीला कॉलेज निघालं ते गंगेच्या कालव्यासाठी. पुण्यात १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. त्याच रोपट्याचं पुढं कॉलेज ऑफ सायन्स आणि १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. आपण सगळे त्याला 'सीओईपी' म्हणतो. १८८३ मध्ये तिथून पहिला नंबर काढून एक मुलगा बाहेर पडला आणि मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खडकवासल्याला आपोआप उघडणाऱ्या त्यांच्या दारांची योजना १९०३ मधली. त्यांच्या वाढदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन पाळतो.

ठेकेदार बाई

आता कंत्राटदार. या शब्दाला आपल्याकडे फारसा मान नाही, पण एक गोष्ट सांगतो. पुण्याहून मुंबईला जाताना आपण ज्या बोरघाटातून उतरतो, तिथली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. आखणी आणि देखरेख जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांची. काम मात्र ठेक्यानं दिलेलं. पहिल्या ठेकेदारानं काम सोडलं. त्याच्या जागी १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आले आणि थोड्याच दिवसांत आजारानं वारले. ठेका त्यांच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेल यांनी, आपल्या नावावर चालवला. घाटातलं काम बघायला त्यांनी अनुभवी इंजिनिअर नेमले. ऐन भरात या घाटात चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. पटकी आणि तापानं त्यातले किती गेले याची गणती नाही.

इथं दोन भूमिका स्वच्छ वेगळ्या झालेल्या दिसतात. रेल्वेचा इंजिनिअर ठरवणार आणि तपासणार, ठेकेदार बांधणार आणि मापाप्रमाणे पैसे घेणार. आपल्या मोजमाप-वहीचं मूळ यातच आहे. तरीसुद्धा १८६७ च्या पावसाळ्यात याच घाटातला एक दगडी पूल कोसळला. म्हणजे भूमिका कागदावर वेगळ्या करून भागत नाही. तपासणाऱ्यानं खरोखर तपासावंही लागतं.

आर्किटेक्ट वेगळा कसा झाला?

मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि त्याला दहा वर्षं लागली. आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. त्यांच्या हाताखाली सहायक इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात होते. त्या इमारतीवरची पानं, फुलं, माकडं, मोर बघताना ही नावं मनात आणावीत असं मला वाटतं.

त्याच जे.जे.मध्ये १८९६ मध्ये ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. नकाशे काढणारी माणसं तयार करणं एवढाच हेतू होता. त्यातून वास्तुकलेचं शिक्षण उभं राहिलं. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या संघटनेला १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' हे नाव मिळालं. १९७२ मध्ये आर्किटेक्ट्स ॲक्ट आला. तेव्हापासून कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. डॉक्टरला असते तशीच ही नोंदणी.

एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. खोल्या कुठं, खिडक्या कुठं, उजेड-वारा कसा, जिना किती रुंद, बांधकाम नियमात बसतं की नाही, हे आर्किटेक्ट ठरवतो. खांबात किती सळया आणि केवढ्या जाडीच्या, हे तो ठरवत नाही. ते दुसऱ्याचं काम.

आर.सी.सी.वाला

वाड्याच्या दीड हात जाडीच्या भिंती सगळा भार स्वतः पेलत होत्या. आपल्या इमारतीत भिंती बहुतेक नुसत्या पडद्यासारख्या आहेत. भार स्लॅबवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबातून पायात जातो. काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चं. सळई ताण घेते. दोघांची ही भागीदारी विसाव्या शतकात आपल्या शहरांत रुळली आणि तिचा हिशेब करणारा नवा माणूस जन्माला आला. त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतात. आपण त्याला 'आर.सी.सी. कन्सल्टंट' म्हणून ओळखतो, किंवा खरं सांगायचं तर ओळखत नाही. फ्लॅटच्या माहितीपत्रकात त्याचं नाव बारीक अक्षरात कोपऱ्यात असतं.

त्याचा ग्रंथ म्हणजे भारतीय मानक ४५६. पहिली आवृत्ती १९५३ ची. २००० मधल्या आवृत्तीत सळईच्या काँक्रीटसाठी किमान दर्जा एम-२० असा वाढवला गेला. आपली सोसायटी २००१ ची, म्हणजे आपण त्या बदलाच्या उंबरठ्यावरचे. आपलं काँक्रीट कोणत्या हिशेबानं झालं, हे त्या फाइलमधल्या आर.सी.सी. नकाशांवर लिहिलेलं आहे. म्हणून ते नकाशे जपायचे.

पानशेत

माझ्या वयाच्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ ही तारीख सांगावी लागत नाही. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आत पाणी साठलं. भरावाखालून पाणी सोडायला जो नळ बांधला होता त्यातच दोष होता. भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं दगडी धरणही फोडलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नारायण, शनिवार, कसब्यातल्या जुन्या घरांत पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा पुढं कित्येक वर्षं भिंतींवर होत्या.

वर दिसणारं काम आणि खाली दडलेलं काम यात दडलेलंच जास्त महत्त्वाचं, हे त्या दिवशी पुण्याला समजलं. घराच्या बाबतीत दडलेलं काम म्हणजे पाया. आपल्या भागात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया घातला तर घर तिच्याबरोबर वरखाली होतं. म्हणून बोअर मारून खालची माती आणि खडक तपासणारा माणूस लागतो. आपल्या फाइलमध्ये त्याचा दोन पानी अहवाल आहे. दोनच पानं, पण वरचे सगळे मजले त्या दोन पानांवर उभे आहेत.

जमीन हलली तेव्हा

दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही, असं एके काळी समजत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला सहा रिश्टरच्या वरचा धक्का बसला आणि ही समजूत गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं. दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांनी झोपेतच हजारो माणसं गाडली.

पण आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांना खरा धडा २६ जानेवारी २००१ ला मिळाला. भूकंप भुजचा, पण दोनशे किलोमीटरहून लांबच्या अहमदाबादेत बऱ्याच बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या अनेकांचं रूप अगदी आपल्यासारखं होतं. खाली मोकळं पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींचे मजले. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा नुसत्या खांबांवर. जमीन हलली की सगळा वाकडेपणा त्या खालच्या खांबांवर येतो. २००२ मध्ये भूकंपाचं मानक सुधारलं तेव्हा अशा मोकळ्या मजल्याच्या खांबांसाठी कडक नियम आले.

आपण गाड्या लावतो तिथले खांब म्हणूनच साधे नाहीत. त्यांना ड्रिलनं भोकं पाडून केबल नेणं, गाडी वळायला अडचण होते म्हणून कोपरा तासणं, हे प्रकार पुन्हा होऊ नयेत.

ज्यांची सही नसते

या सगळ्या सह्यांमध्ये एक सही कुठेच नाही. सळया बांधणाऱ्या फिटरची. खांबाच्या उभ्या सळयांना ज्या रिंगा घालतात, त्यांची टोकं काटकोनात न ठेवता आणखी आत, १३५ अंशांत, वळवायची असतात. टोकं नुसती काटकोनात असली तर भूकंपात रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. नकाशावर हे इंजिनिअर लिहितो, पण उन्हात बसून हजारो टोकं वळवतो तो फिटर. सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवणारा सेंट्रिंगवाला, विटा भिजवून लावणारा गवंडी, स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणाऱ्या बायका, आठवडाभर स्लॅबवर पाणी मारणारा वॉचमन, यातल्या एकानं कंटाळा केला तर वरच्या सगळ्या सह्या व्यर्थ. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. निदान या स्मरणिकेत त्यांचा उल्लेख तरी असावा.

आता आपली सही

पंचवीस वर्षांनंतर हा इतिहास सांगायचं कारण वेगळंच आहे. फ्लॅटमध्ये दोष निघाला तर बिल्डरनं तो दुरुस्त करून द्यायची मुदत १९६३ च्या मोफा कायद्यात ३ वर्षांची होती. आताच्या रेरा कायद्यात ५ वर्षांची आहे. आपल्या बाबतीत दोन्ही केव्हाच उलटून गेल्या. त्या फाइलवर आता शेवटची जबाबदार सही सोसायटीची, म्हणजे तुमची-माझी.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढं गेली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. यंदाच्या वार्षिक सभेपुढे हा विषय आहे. काही सभासदांचं म्हणणं आहे की इंजिनिअरला पैसे कशाला द्यायचे? रंगाचं आणि वॉटरप्रूफिंगचं काम करणारा येतो, भिंत ठोकून बघतो आणि काय करायचं ते फुकट सांगतो. रक्कम मोठी आहे, मेंटेनन्स आधीच वाढला आहे, पेन्शनवर जगणारी माणसं आपल्यात आहेत. मीही त्यांतलाच. त्यामुळे हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही.

पण काम करणाऱ्यालाच कामाची गरज ठरवू द्यायची, त्यानंच मोजायचं आणि त्यानंच पुरं झालं म्हणायचं, हे बँकेत चाललं नसतं. वर लिहिलेला सगळा इतिहास या एका गोष्टीचा आहे. रंगवाला भेगेवर लांबी भरतो. भेग का पडली, हे सांगणं त्याचं काम नाही. तिच्या आत सळई गंजून फुगली असेल तर रंगाखाली ती गंजतच राहते. इंजिनिअर हातोडीसारख्या यंत्रानं काँक्रीटचा पृष्ठभाग तपासतो, ध्वनिलहरी आरपार पाठवून आत पोकळी आहे का ते बघतो, गरज वाटली तर काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतो. मग कुठं, किती आणि कशानं दुरुस्ती करायची ते लिहून देतो. त्या यादीवर तीन ठेकेदारांकडून दर मागवता येतात. माझा अंदाज असा की फीचे पैसे तिथंच बरेचसे वसूल होतात.

जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला एक चार मजली इमारत पडून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. आपल्यापैकी कुणालाही स्वयंपाकघर मोठं करायचं असेल, भिंत काढायची असेल, गच्चीवर टाकी वाढवायची असेल तर इंटिरिअरवाल्याचा होकार पुरेसा नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि कमिटीची परवानगी. त्यात कमीपणा काही नाही.

सभेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ऑडिट परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावं आणि दुरुस्तीचा ठेका त्याच्याशी संबंध नसलेल्या माणसाला द्यावा. दुसरी, फाइलमधले आर.सी.सी. नकाशे आणि मातीचा अहवाल स्कॅन करून सेक्रेटरी, चेअरमन आणि खजिनदार अशा तिघांकडे प्रती ठेवाव्यात. कागद पिवळे पडून घडीवर फाटायला लागले आहेत. तिसरी, पार्किंगमधल्या प्रत्येक खांबाला रंगानं नंबर द्यावा, म्हणजे तडा दिसला तर कोणत्या खांबाला ते वॉचमनलाही वहीत लिहून ठेवता येईल. या तिसऱ्या कामाला रंगाचा एक डबा आणि एक रविवार पुरेल. तरुण मंडळींनी मनावर घ्यावं.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आपली नातवंडं काढतील. ती याच इमारतीत बसून काढतील की नाही, हे बरंचसं यंदाच्या सभेत आपण काय ठरवतो त्यावर आहे. तेव्हा सभेला अवश्य या, नेहमीसारखी कोरमअभावी अर्धा तास तहकूब करायला लावू नका.